ते खोके आधी उघडा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी परदेशातल्या मोठ्या शहरांतून आलीत, म्हणून यावेळी त्यातलेच चार प्रश्न घेतलेत. मी स्वतः अकरा वर्षं अशाच एका शहरात संसार केलाय त्यामुळे थोडं जास्त बोलीन, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, नवऱ्याच्या कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं म्हणून मी नऊ वर्षांची नोकरी सोडून आले. आता दीड वर्ष होईल. तो सकाळी साडेसातला जातो, रात्री आठला येतो, मुलगी शाळेत. मी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची काचेची लिफ्ट वर-खाली होताना बघत बसते. पहिले तीन महिने मस्त गेले, खूप फिरलो, आता उगाच रडू येतं. घरी सांगावं तर म्हणतात, तुझी काय बाई मजा आहे! माझंच काही चुकतंय का?

उत्तर: नाही हो, काही चुकत नाहीये. हे इतकं नेहमीचं आहे की कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५४ मध्येच रिओ दि जानेरोतल्या विमेन्स क्लबपुढे यावर अख्खं भाषण दिलं होतं. 'कल्चर शॉक' हा शब्द रुळला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. आधी हनिमून, मग चिडचिड, मग हळूहळू सावरणं, असे टप्पे त्यांनी सांगितले. तुमचे ते पहिले तीन महिने म्हणजे हनिमून. फक्त हे टप्पे नवऱ्याचे आणि तुमचे एकाच वेळी येत नाहीत, कारण त्याला ऑफिसमध्ये आयती माणसं मिळाली आणि तुम्हाला लिफ्ट.

आमच्याकडे सामान आलं तेव्हा सहा खोक्यांवर नवऱ्याने मार्करने 'नंतर' लिहिलं होतं, दोनच वर्षं तर राहायचंय, कशाला उघडायचे म्हणून. तीन वर्षांनी पाय आपटला म्हणून एक उघडला तर आत माझी पुस्तकं आणि बेडरूमचे पडदे. तीन वर्षं मी खिडकीला चादर लावून राहिले होते! तुमचेही असतील तर आधी ते उघडा, आणि मी नुसत्या सामानाबद्दल बोलत नाहीये.

मग व्हिसाचं बघा. डिपेंडंट व्हिसावर काम करता येतं की नाही हे देशागणिक बदलतं, कुठे सरळ चालतं, कुठे वेगळी परवानगी काढावी लागते, कुठे अजिबात नाही. जुन्या कंपनीचं काम घरून ऑनलाइन करणं हेसुद्धा बऱ्याच ठिकाणी 'काम'च धरलं जातं, टॅक्सचा प्रश्न येतो तो वेगळाच, त्यामुळे हे इमिग्रेशनच्या ऑफिसातच विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. घराच्या करारावर आणि बँकेच्या खात्यावर तुमचंही नाव घालता येत असेल तर घाला. सगळं त्याच्या नावावर असलं की पत्त्याच्या पुराव्यापायी साधं लायब्ररी कार्ड काढतानाही अडायला होतं आणि आपण इथे पाहुण्या आहोत असं वाटत राहतं. आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, तीच तीच माणसं भेटतील असं काहीतरी पकडा, भाषेचा क्लास असो की पोहणं. एकदाच भेटलेल्या वीस जणींपेक्षा वीसदा भेटलेली एक बरी.

झोप, भूक गेली असेल, रडू रोजचंच झालं असेल तर मात्र त्याला कल्चर शॉक म्हणून ढकलू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

प्रश्न: मुलगा सहा वर्षांचा. मी मराठीत विचारते, तो शाळेच्या भाषेत उत्तर देतो. त्याच्या टीचर म्हणाल्या की घरीही शाळेचीच भाषा बोला म्हणजे गोंधळ होणार नाही. बोलू का?

उत्तर: नका बोलू. शाळेची भाषा शाळा शिकवेल, मैदान शिकवेल, मराठी तुमच्याशिवाय कोण शिकवणार तिथे? १९१३ मध्ये झ्यूल राँझा या फ्रेंच भाषातज्ज्ञाने आपल्याच मुलाची नोंद छापली होती, बाप त्याच्याशी फ्रेंच बोलायचा, आई जर्मन, पोराला दोन्ही नीट आल्या. तुमच्या मुलाला मराठी कळतेय म्हणजे अर्धं काम झालंय, बोलायला त्याला कारण हवंय. आई-बाबांना दोन्ही भाषा येतात हे त्याला माहितीये, मग तो कशाला कष्ट घेईल! ज्या आजी-आजोबांना फक्त मराठी येतं त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर 'बोल ना, काहीतरी बोल' करू नका, त्याला एखाद्या गेमचे नियम आजीला समजावायला बसवा. माझी मुलगी एकदा रडत आली, "आई, मी फॉल झाले." मी एवढंच म्हटलं, "पडलीस? कुठे पडलीस?" "तिकडे पडले." झालं, चूक सुधारली आणि तिला पत्ताही नाही. तिथे थांबवून व्याकरण शिकवलं असतं तर पुढच्या वेळी गप्प बसली असती.

प्रश्न: कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं आहे, वाढेलही. मुलांना लोकल शाळेत घालू की इंटरनॅशनल?

उत्तर: लहान असतील तर लोकल, भाषा आणि शेजार दोन्ही मिळतात. मोठ्यांचं गणित वेगळं. आयबी, म्हणजे बऱ्याच इंटरनॅशनल शाळांतला इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम, १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाला तोच मुळात अशा गाव बदलत राहणाऱ्या मुलांची सोय डोळ्यासमोर ठेवून, पण त्याचा डिप्लोमाही शेवटच्या सलग दोन वर्षांचा असतो, त्याच्या मधोमध बदली घेऊ नका. फी कंपनी देणार असेल तर किती वर्षं देणार आणि कॉन्ट्रॅक्ट वाढलं तरी देणार का हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर आम्ही एकदा चांगलेच पोळलोय.

प्रश्न: चौदा वर्षांचा मुलगा म्हणतो, मी इथलाही नाही आणि तिथलाही नाही. काय सांगू?

उत्तर: तू इकडचाच आहेस वगैरे भाषण तर देऊच नका. रूथ हिल उसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या, त्यातून अशा मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड्स' हा शब्द आला. म्हणजे आपल्या पोरांचं जे तिकडे होतंय ते त्यांच्या पोरांचं आपल्याकडे झालं होतं. हे त्याला सांगा, मुलांना आपण एकटेच असे नाही हे कळलं तरी बरं वाटतं. आणि "तू कुठला?" या प्रश्नाचं उत्तर त्याचं त्याला ठरवू द्या, दर वेळी वेगळं दिलं तरी चालेल. माझी मुलगी आता कोणी विचारलं की आधी उलट विचारते, "शॉर्टमध्ये सांगू की वेळ आहे?"