‘नो सिग्नल’ म्हणजे मॉनिटर गेला असं नव्हे

प्रश्न : रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ८ जीबीच्या दोन रॅम आणि ग्राफिक्स कार्ड आणून कॉम्प्युटर घरीच जोडला. पावसाळ्यात कॅबिनेट उघडून धूळ काढली, तेव्हापासून पंखे फिरतात पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. दुकानदार नवा मॉनिटर घ्या म्हणतो. घ्यावा का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नका घेऊ. ‘नो सिग्नल’ ही अक्षरं मॉनिटर स्वतःच दाखवतो, म्हणजे त्याचं पॅनल आणि बॅकलाइट शाबूत आहे. बिघाड केबलमध्ये किंवा कॅबिनेटमध्ये शोधायचा.

आधी मागची बाजू बघा. सफाईनंतर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या (मुख्य बोर्डच्या) एचडीएमआय पोर्टमध्ये तर खोचली नाही ना? ५६०० मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे तिथून चित्र येणारच नाही. (५६००जी असता तर आलं असतं, त्या एका ‘जी’पायी बरेच जण फसतात.) केबल खालच्या, आडव्या ग्राफिक्स कार्डच्या पोर्टमध्ये लावा. कार्डाला ६ किंवा ८ पिनची पॉवर लागत असेल तर तीही बसली आहे का पाहा.

तरी अंधारच असेल, तर संशय रॅमवर. वीज बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या. दोन्ही रॅम काढा, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. दमट हवेत त्यांच्यावर थर धरतो आणि संपर्क तुटतो. आता एकच रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबा. नवख्या हाताला बोर्ड मोडेल असं वाटतं, म्हणून रॅम अर्धवट बसते. चालली नाही तर दुसरी रॅम लावून बघा. बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) असे दिवे असतील तर जो पेटून राहतो, दोष बहुधा तिथेच.

शेवटी मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं काढून बायॉस (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) रिसेट करा. त्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला वेळ लागतो. घाईने बंद करू नका.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर मधूनच दोन सेकंद काळा होतो.
— गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं तो आकडा) ६० हर्ट्झ करा. त्रास थांबला तर दोष बहुधा केबलचा. डिस्प्लेपोर्टची चांगली, दोन मीटरच्या आतली केबल घ्या. मिक्सर किंवा पंखा लावतानाच असं होत असेल, तर मात्र वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.