आधी केबिन, मग चित्रपट

चि. नव्या सचिवास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या फिल्म सोसायटीच्या रविवार सकाळच्या खेळांसाठी तू केलेली वर्षभराच्या चित्रपटांची यादी मिळाली. निवड चांगली आहे, पण त्याआधीचं काम राहिलंय. थिएटरच्या ऑपरेटरला भेट आणि प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये नेमकं काय बसवलंय ते लिहून आण. सगळ्याच एकपडदा थिएटरांत डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवरून दाखवायचं चित्रपटाचं डिजिटल पॅकेज, चालत नाही. काही ठिकाणी डिजिटल कंपनीच्या स्वतःच्या प्रणालीवरच खेळ होतात आणि बाहेरची फाइल तिथे चालत नाही. मग प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायचा एवढीच वाट उरते.

डीसीपी चालत असेल तर ड्राइव्ह शनिवारी दुपारीच पोहोचव. दोन तासांचा चित्रपट दीडशे जीबी किंवा त्याहून जास्तही भरू शकतो, सर्व्हरवर उतरायला तासभर किंवा जास्त लागू शकतो. कुलूपबंद डीसीपीला केडीएम ही किल्ली लागते. ती त्या एकाच सर्व्हरवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. मालकाने सर्व्हर बदलला असेल तर जुन्या माहितीवर मागवलेली किल्ली निरुपयोगी, म्हणून सर्व्हरचा क्रमांक दर वेळी नव्याने विचार. मुदत शनिवार संध्याकाळपासून माग, नाहीतर चाचणीच घेता येणार नाही. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असेल तर साडेपाच तास मिळव. रविवारी पहाटे ४ यूटीसी म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. ९ च्या खेळाला पडदा काळाच राहील.

लॅपटॉपवर खरा त्रास सबटायटल्सचा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी तपास. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर प्लेअरमध्ये तेवढे सेकंद पुढेमागे केले की झालं. फरक वाढत जात असेल तर फ्रेमचा वेग जुळत नाहीये: सेकंदाला २४ फ्रेमने १०० मिनिटं चालणारा चित्रपट २५ ने ९६ मिनिटांत संपतो, म्हणजे २५ साठी बनवलेल्या ओळी २४ च्या चित्रपटात शेवटी चार मिनिटं आधी येतात. तिथे सेकंद सरकवून काही होत नाही. सबटायटल्सची फाइलच २४ ला बदलून घ्यावी लागते. आणि हो, व्हॉट्सअ‍ॅप बंद कर. सभासदांना तुझे घरगुती निरोप वाचायची हौस असतेच.

जुने बोलपट साधारण १.३७ प्रमाणातले, म्हणजे रुंदी उंचीच्या १.३७ पट. पडदा मोकळा दिसतो म्हणून चित्र ताणून भरायचा मोह ऑपरेटरला होतो आणि नायिकेचा चेहरा पसरट होतो. १९९८ पिक्सेल रुंद आणि १०८० उंच चौकटीत या चित्राला रुंदीचे १४८० पुरतात, दोन्ही बाजूंना काळं राहू दे. वर-खाली कापून भरणं तर त्याहून वाईट, त्यात माणसांची डोकी जातात. याच चित्रपटांचा आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा असतो, तो मधल्या स्पीकरला दे. लॅपटॉपमधून डाव्या-उजव्याला गेला तर कडेला बसलेल्यांना संवाद भिंतीतून आल्यासारखे वाटतात. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज भरल्या हॉलला थोडा कमी पडतो. तो पहिल्या दहा मिनिटांतच मागच्या रांगेत बसून ठरव.

१२ चा नेहमीचा खेळ असेल तर साडेअकराला हॉल रिकामा हवा. ९ ला सुरू करून ११० मिनिटांचा चित्रपट आणि अर्धा तास चर्चा आरामात बसते. तुझ्या यादीतला २ तास ४० मिनिटांचा चित्रपट साडेआठला लाव आणि चर्चा सोडून दे. तसंही चर्चेत सूत्रधाराने पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये असं माझं ठाम मत आहे.

डीव्हीडी घरात आहे किंवा ओटीटीचं खातं आहे म्हणून दाखवायचा हक्क मिळत नाही, हक्कधारकाची लेखी परवानगी घे. जुन्या भारतीय चित्रपटांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी कर. ते आता एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात आहे. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला परदेशी चित्रपट ठरवण्याआधी सवलतीबद्दल फिल्म सोसायट्यांच्या महासंघाला विचार. प्रवेश सभासदांनाच, दारावर तिकीट विकायचं नाही.

हिशेब असा मांड. समजा १२० सभासद, प्रत्येकी ८०० रुपये, म्हणजे ९६,०००. भाडं ५,००० धरलं तर बारा खेळांचे ६०,००० गेले. उरलेल्या ३६,००० मधून प्रत्येक खेळाला ३,००० येतात. त्यात परवानगीचं शुल्क, वीज गेली तर डिझेल, आणि शनिवारच्या चाचणीला थांबणाऱ्या ऑपरेटरचे पैसे. हे पैसे भाड्यात धरलेले नसतात. ते त्याच्या हातात त्याच संध्याकाळी दे.