पुरणपोळी दुधाशी वाढावी, तुपाशी की आमरसाशी?

आपला प्रश्न असा आहे की, साताऱ्याकडच्या माहेरी आपण लहानपणापासून पुरणपोळी दूध, तूप आणि कटाची आमटी यांच्यासह खात आलात. बडोद्याच्या सासरी मात्र ती तुरीच्या डाळीची, आकाराने लहान आणि जाडसर असते, तिच्याबरोबर दूध नसते आणि आमटीच्या जागी पातळ, आंबटगोड ओसामण येते. तर यांतली खरी पद्धत कोणती? माझ्या मते दोन्ही खऱ्या आहेत, आणि वरवर दिसतात त्यापेक्षा त्या एकमेकींच्या पुष्कळ जवळ आहेत. माझे बालपण सोलापूरकडे गेले आणि पुढे बँकेतल्या बदल्यांमुळे जळगाव, अमरावती, धारवाड आणि तिरुवनंतपुरम येथे बिऱ्हाड करावे लागले, त्यामुळे हा एकच पदार्थ निरनिराळ्या ताटांत पाहायला मिळाला.

आधी ओसामणाविषयी सांगतो. पुरणासाठी डाळ भरपूर पाण्यात शिजवून नीट निथळावी लागते, कारण पाणी राहिले तर पुरण सैल होते आणि लाटताना पोळी फुटते. निथळलेल्या या पाण्यात डाळीची चव उतरलेली असते आणि ते फेकून देणे कोणत्याही जाणत्या स्वयंपाकघराला मानवलेले नाही. देशावर त्याला कट म्हणतात, आमच्याकडे येळवणी. त्यात भाजून वाटलेले सुके खोबरे, काळा मसाला, चिंच, गूळ आणि चमचाभर पुरण घालून सणसणीत आमटी होते. कर्नाटकात याच पाण्याचे सारू करतात आणि उगादीच्या, म्हणजे तिकडच्या पाडव्याच्या दिवशी ते होळिगेबरोबर, म्हणजे तिथल्या पुरणपोळीबरोबर, असायलाच हवे. गुजरातेत लवंग-दालचिनीची फोडणी आणि आमसुलाचा किंवा लिंबाचा आंबटपणा देऊन त्याचेच ओसामण होते. म्हणजे आपल्या सासरचे ओसामण हे माहेरच्या कटाचे सख्खे भावंड आहे. तिखट कमी, एवढाच फरक. काम दोघांचे एकच. गुळाच्या पदार्थाने जीभ जड होते, आणि मध्येच घेतलेल्या आंबट-तिखट भुरक्यानेच दुसरी पोळी खाण्याची इच्छा होते.

खरी विविधता आहे ती पोळी कशाशी खायची यात. आमच्या घरी दुधापेक्षा गुळवणीला मान होता. गुळाच्या पाण्याला उकळी आणून, त्यात भाजलेली थोडी कणीक लावून दाटपणा आणायचा, वर सुंठ आणि वेलची घालायची, आणि त्या गरम गुळवणीत पोळी कुस्करायची. गोडावर पुन्हा गोड कशाला, असे पुण्याकडच्या नातेवाइकांना वाटे. परंतु सुंठेचा झणका घशाला लागला की हे दोन गोड वेगळे आहेत हे आपोआप कळते. अमरावतीला पोहोचलो तेव्हा दूध आणि गुळवणी दोन्ही मागे पडली आणि पानात तुपाची वाटी आली. तूप पोळीवर नुसते सोडायचे नाही, तर तुकडा मोडून वाटीत बुडवायचा. वऱ्हाडातली ती पोळी पुरणाने गच्च भरलेली असते आणि तिला एवढे तूप लागतेच.

खानदेशाची गोष्ट मात्र अगदी निराळी. तिथे पोळपाट-लाटणे बाजूला राहते. वस्त्रगाळ पिठाची सैल, लवचिक कणीक तिंबून, दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून ती पोळी दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत ओढत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. हे करणाऱ्या बायकांचे हात पाहत राहावेत असे असतात; एवढ्या मोठ्या पोळीत कुठे पुरण कमी नाही आणि कुठे चीर नाही. हेच ते मांडे, जे मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर भाजल्याची आख्यायिका आपण सगळे लहानपणी ऐकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आंब्याचे दिवस असतात, म्हणून ते आमरसाशी खातात आणि जोडीला झणझणीत रशी व कुरडया असतात. ज्याने हे एकदा खाल्ले, त्याला दूध-पोळी फार शांत वाटते.

समुद्राकडे उतरावे तसे दूध नारळाचे होते. कर्नाटकात आणि गोव्याकडे गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसाशी पोळी खातात. तिरुवनंतपुरमला तर मी एका लग्नाच्या सद्येत, म्हणजे केरळी मेजवानीत, केळीच्या पानावर पिवळीधमक, पातळ बोळी, म्हणजे तिथली पुरणपोळी, पाहिली. वाढणाऱ्याने तिच्यावर पळीभर पाल-पायसम, म्हणजे तांदळाची दाट खीर, ओतली आणि शेजारच्या गृहस्थांनी बोटांनी कुस्करून दोन्ही एकजीव केले. मीही तसेच केले. आत हरभऱ्याचीच डाळ होती, हळदीचा रंग तेवढा जास्त.

तिथेच एक मोठा फरक ध्यानात आला. सद्येत ही बोळी भात, सांबार, रसम होत आल्यावर येते. आपल्याकडे पोळी हे जेवणच असते. सुरुवातीला वरणभात आणि तूप, मग पोळ्या, त्यांच्याबरोबर आमटी, बटाट्याची भाजी, भजी, कुरडया, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि शेवटी ताकभात. अशा पंगतीत गोड मध्यावर असते आणि जेवण ताकावर संपते. गुजरातेतही गोड ताटातच असते, त्यामुळे या बाबतीत आपले सासर आणि माहेर एकाच बाजूला आहेत. हल्ली हॉटेलांतून जेवण आटोपल्यावर छोट्या बशीत अर्धी पोळी आणि वर आइसक्रीमचा गोळा देतात, तो प्रकार मला अजिबात पटत नाही. पोट भरल्यावर पुरण जड होते, आणि आमटीवाचून त्या गोडाला उतारा राहत नाही. दूध, तूप, आमरस यांत कोणी काही निवडावे. पण आंबट-तिखट पातळ पदार्थाशिवाय पुरणपोळी वाढू नये, एवढा आग्रह मी धरेन.

डाळीबद्दलही आपल्या मनात शंका दिसते. तुरीची डाळ वापरली म्हणून पोळी खोटी ठरत नाही. दक्षिण कर्नाटकातही ओब्बट्टूसाठी, म्हणजे तिथल्या पुरणपोळीसाठी, तूरडाळ घेतात. तिचे पुरण अधिक मऊ होते, म्हणून गुजरातेत ते तुपावर परतून घट्ट करतात आणि पोळी लहान ठेवतात. हरभऱ्याच्या पुरणाला रवाळपणा असतो आणि पुरणयंत्रातून काढल्यावर ते मोठ्या पोळीतही सारखे पसरते.

होळीला आपल्याकडे दोन्ही घरची माणसे जेवायला असतील, तर पोळ्या सासरच्या पद्धतीने कराव्यात आणि डाळीचे पाणी दोन पातेल्यांत वाटून घ्यावे: एकात ओसामण, दुसऱ्यात काळा मसाला घालून कटाची आमटी. तूरडाळीचे पाणी कटासाठी थोडे पातळ वाटेल, तेव्हा खोबरे जरा जास्त वाटावे. दूध कोमट करून वेगळ्या वाटीत ठेवावे. ज्याला हवे तो घेईल.