दाढा घासून घेण्याआधी: जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावरचे उपाय

ताई, आपण लिहिले आहे की चार महिन्यांपासून उजव्या कानापुढे दुखते, भाकरी चावताना गाल भरून येतो, तोंड उघडताना टक् असा आवाज होतो आणि कानाच्या डॉक्टरांनी कानात काहीच दोष नसल्याचे सांगितले आहे. आता एका दवाखान्यात ‘दात नीट बसत नाहीत, दाढा घासाव्या लागतील’ (म्हणजे यंत्राने दाढांचा वरचा थर कमी करावा लागेल) असे सांगून पुढच्या आठवड्याची वेळ दिली आहे. माझी पहिली विनंती अशी की ती वेळ तूर्त रद्द करावी.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. अकरा वर्षांपूर्वी याच दुखण्यासाठी मी चार दाढा घासून घेतल्या. महिनाभर बरे वाटले, मग दुखणे होते तिथेच परत आले, आणि घासलेल्या दाढांना थंड पाणी लागले की आजही कळ येते. दातावरचे कवच एकदा गेले की पुन्हा येत नाही. दात कसे बसतात यावरून हे दुखणे होते, ही जुनी समजूत पुढच्या संशोधनात टिकलेली नाही, हे मला फार उशिरा समजले.

कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडले की सांध्याची हालचाल बोटाला लागते. जबडा आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकतो, आणि त्याच्या व कवटीच्या मध्ये एक लहान चकती असते. ती पुढे सरकलेली असली तर तोंड उघडताना जागेवर येते आणि टक् असा आवाज होतो. न दुखता होणारा हा आवाज कितीतरी लोकांच्या जबड्यात असतो आणि त्याला उपचार लागत नाहीत. कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेली चकती दिसते, त्यामुळे केवळ अहवालातल्या त्या एका ओळीवरून शस्त्रक्रियेचा विचार करू नये.

आता बोटे गालावर ठेवून दात घट्ट आवळा. बोटांखाली जो गोळा टणक होतो, तो चावण्याचा मुख्य स्नायू. तो दाबल्यावर आपले नेहमीचे ओळखीचे दुखणे जागे होत असेल, तर दुखण्याचा मोठा भाग स्नायूचा आहे असे समजण्यास जागा आहे. आपल्या वर्णनातला ‘गाल भरून येतो’ हा शब्दप्रयोग मला त्याच दिशेचा वाटतो, पण निदान प्रत्यक्ष तपासणाऱ्यानेच करावे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अशा दुखण्यासाठी ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२३ साली उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यात ठाम शिफारस आहे ती साध्या गोष्टींची: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम व ताण, मान आणि पाठीची ठेवण सुधारणे, स्नायूतल्या दुखऱ्या गाठी हाताने मोकळ्या करणे, दुखणे नीट समजावून देणे, आणि वेदनेशी जुळवून घेण्यासाठी मानसोपचारातील वर्तन-उपचार. या शेवटच्याचे नाव ऐकून पुष्कळजण दुखावतात, जणू आपले दुखणे खोटे ठरवले गेले. तसे मुळीच नाही. दात आवळण्याची सवय ताणाशी बांधलेली असते आणि ती सुटायला शिकवणी लागते.

मला सर्वांत जास्त गुण आला तो याच सवयीवर काम केल्याने. चावणे आणि गिळणे सोडले तर दिवसभर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. मी घरातल्या पाकिटातल्या टिकल्या आरशावर, संगणकाच्या कोपऱ्यात आणि ओट्यापुढच्या फरशीवर लावल्या. टिकली दिसली की मनात ‘न’ म्हणायचे, जीभ जिथे टेकते तिथेच राहू द्यायची, ओठ मिटलेले ठेवायचे आणि दात सुटे सोडायचे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक वेळी दात आवळलेलेच सापडत. सहाव्या आठवड्यापर्यंत सकाळचा ताठरपणा निम्म्यावर आला. त्याबरोबर रात्री पंधरा-वीस मिनिटे गरम ओल्या टॉवेलचा शेक घेत होते, आणि काही दिवस चिक्की, ऊस, कडक भाकरी, सुपारी बंद ठेवली होती. महिनोन् महिने केवळ पातळ मात्र खाऊ नये, कारण स्नायूला माफक काम लागतेच.

औषधांत आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन थोड्या दिवसांसाठी, जेवणानंतर आणि पित्त, रक्तदाब, मूत्रपिंड यांचा त्रास नसल्याची खात्री करून डॉक्टर देतात. जुन्या दुखण्यात रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्राही दिली जाते. ते मूळचे नैराश्याचे औषध असले तरी इथे ते वेदनेसाठी असते.

रात्री दातांवर बसवायच्या नाईट गार्डबद्दल मत विभागलेले आहे. वरील तत्त्वांत केवळ दुखण्यासाठी त्याची शिफारस नाही, पण झोपेत दात खाणाऱ्यांच्या दातांची झीज त्याने कमी होऊ शकते. घ्यायचेच असेल तर सर्व दात झाकणारे आणि काढता येणारे घ्यावे. मोजकेच दात झाकणाऱ्या पट्टीने बाकीचे दात सरकू शकतात. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनलाही त्या तत्त्वांत अनुकूल कौल नाही. सुया घालून सांधा धुण्याची पद्धत १९९१ साली अडकलेल्या जबड्यासाठी वर्णिली गेली. आवाज अचानक बंद होऊन तोंड दोनच बोटे उघडू लागले, तर शल्यविशारद तिचा विचार करतात, पण नुसत्या जुनाट दुखण्यासाठी ती सुचवलेली नाही. चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला तर ठाम विरोध आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत चकतीच्या जागी टेफ्लॉनचे रोपण केलेल्या अनेक रुग्णांचे हाड झिजले आणि ती रोपणे पुढे बाजारातून परत घ्यावी लागली. बालपणी हनुवटीला मार लागून सांधा जुळून गेलेल्यांची गोष्ट निराळी, त्यांना शस्त्रक्रियाच लागते.

काही लक्षणे मात्र या चर्चेबाहेरची आहेत. पन्नाशीनंतर नव्याने कानशिलात दुखू लागणे, चावताना जबडा थकून थांबावेसे वाटणे किंवा नजर धूसर होणे, ही रक्तवाहिनीच्या सुजेची चिन्हे असू शकतात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत, कारण दृष्टी जाऊ शकते. श्रमाबरोबर जबड्यात कळ येऊन छाती भरून आली, तर आधी हृदय तपासावे. विजेच्या झटक्यासारखी कळ ही बहुधा नसेची असते. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडत असेल आणि तिखट झोंबत असेल, तर तो सांध्याचा नव्हे, तोंडाच्या आतल्या त्वचेचा आजार असतो व त्यातून कर्करोगाचा धोका असतो. आपण सुपारी खाता का, हे आपल्या प्रश्नात आलेले नाही, म्हणून मुद्दाम विचारते.

दुसरे मत घेण्यासाठी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील मुखरोग विभाग किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विभाग गाठावा. जाण्यापूर्वी चार सकाळी पट्टीने वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर मोजून लिहून ठेवा. मोठ्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते. आपले आकडे इथे कळवलेत तर पुढचे बोलता येईल.