तुझे तलावपाळीचे फोटो

प्रिय मित्रा,

दिवाळी पहाटेचे तुझे फोटो काल रात्री बघितले. तलावपाळी, राम मारुती रोड, सगळं ठाणं नटूनथटून आलेलं, आणि तू एकूण एक फोटो १.८ अपर्चरला, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून, काढलास! डोळे लख्ख, बाकी सगळा धुरळा. अरे, त्या फेटेवाल्या आजोबांनी कोटाच्या खिशात रुमाल किती निगुतीनं खोचला होता. तोच पुसट झाला. हौसेनं नटलेल्या माणसाला भोक लहान करून, ५.६ किंवा ८ ला घे. शिवण, जर, इस्त्रीची घडी, सगळं दिसू दे. काळ्या कोटाला कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर हमखास फसतो, त्याला करडा करून ठेवतो. तिथे उजेड एक स्टॉप कमी कर, म्हणजे निम्म्यावर आण. पांढऱ्या धोतराला उलट.

खरी तक्रार वेगळीच आहे. तू जास्तीत जास्त भडक माणसं शोधत फिरलायस. डँडी, म्हणजे पोशाखाची ऐट जपणारा माणूस, म्हटलं की ज्याचं नाव आधी निघतं, तो लंडनचा बो ब्रमेल साध्या गडद कोटात वावरायचा. त्याचा सारा जीव गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कापडाच्या चुण्यांत. काँगोतल्या ब्राझाव्हिलचे सापूर, म्हणजे तिथले पोशाखाचे शौकीन, एवढे झोकात राहतात, पण एका पोशाखात तीनपेक्षा जास्त रंग नकोत, हा त्यांचा दंडक. ऐट निवडीत असते, आणि ती निवड तुला दिसायला हवी.

त्यासाठी कॅमेरा उचलण्याआधी विचार, "कोट कुठे शिवलात?" माणूस खुलतो, हात आपसूक कॉलरकडे जातो. तेव्हा क्लिक कर. "जरा सैल उभे राहा" मात्र कुणाला म्हणू नकोस. मी एकदा स्टुडिओत आलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला म्हणालो होतो. तो म्हणाला, "सैलच उभं राहायचं असतं तर बनियनवर आलो असतो." त्या दिवशी एकही फोटो धड आला नाही.

आता त्या आजोबांना शोध. मोबाइलवर फोटो पाठवून मोकळा होऊ नकोस, चांगला प्रिंट काढून हातात दे. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम सायकलवरून हिंडत लोकांचे कपडे टिपायचे, स्वतःच्या अंगात मात्र कायम कामगारांचं निळं जाकीट. त्यांचं त्यांना शोभलं. तू जाताना शर्टाला इस्त्री करून जा.

तुझा,
काका