तिरफळ, चिंच आणि तुझ्या दोन आज्या

प्रिय चिऊ,

तुझी व्हॉइस नोट काल रात्री तीनदा ऐकली. इतक्या हळू आवाजात बोलत होतीस, म्हणजे आजी जवळपासच असणार. तू म्हणालीस, "आई, रेवदंड्याची आजी म्हणाली की बांगड्यात ते मसाल्याचं तिरफळ घालणं म्हणजे चांगला मासा फुकट घालवणं. आणि इथे मालवणची आजी म्हणते, माशाच्या आमटीत चिंच घालतात ते कसले कोकणी! दोघी म्हणतात आमचंच खरं. मग खरं कोणाचं? आणि मला तिरफळ अजिबात आवडलं नाही, जीभ बधिर झाली. ते आजीला कसं सांगू?"

या शेवटच्या प्रश्नासाठी तुला जवळ घ्यावंसं वाटलं. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण हे नीट लिहायचं होतं. वाचताना कुठे अडलं तर आत्याला विचार.

आधी नकाशा डोळ्यापुढे आण. रेवदंडा वर, रायगड जिल्ह्यात. मालवण खाली, सिंधुदुर्गात. मधे साधारण 400 किलोमीटर. तू हे अंतर गाडीत झोपून पार केलंस. पण मधे बाणकोटची खाडी आहे, दाभोळची आहे, जयगडची आहे, विजयदुर्गची आहे. पूर्वी तरीनेच पलीकडे जायचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती 1998 च्या जानेवारीत, तेव्हा मी शाळेत होते. त्याआधी रेवदंड्याच्या बाईला मालवणात काय शिजतं ते कळायचं काही कारणच नव्हतं. किनारा एक, पण प्रत्येक खाडीच्या काठाने आपल्या परसात जे उगवतं त्यावर जेवण बसवलं.

रेवदंड्याला आपल्या वाडीत नारळ आहेत, सुपारी आहे, आणि विहिरीमागे तो चिंचेचा मोठा वृक्ष. तुझ्या पणजीने त्याच्या चिंचा सोलून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करून ठेवले, म्हणून आमच्या घरात चिंच. कोकम आमच्याकडे बाजारातून यायचं, तेही उन्हाळ्यात सरबतापुरतं. मालवणला उलट. घराच्या खालच्या अंगाला रातांब्याची झाडं आहेत ना, ज्यांच्याखाली तू झोपाळा बांधलास, तीच ती कोकमाची झाडं. एप्रिल-मेमध्ये ती लाल होतात. तेव्हा तुझी शाळा असते म्हणून तू कधी पाहिलं नाहीस, याचं मला फार वाईट वाटतं. रातांबा फोडायचा, आतला गर आणि बिया वेगळ्या काढून त्यांना मीठ लावायचं, त्याला जो रस सुटतो त्यात साली बुडवायच्या आणि उन्हात घालायच्या. संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात. साली काळ्या आणि लवचीक होईपर्यंत हे रोज चालतं. तेव्हा कुठे आमसूल तयार होतं. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. बियांतून तेल निघतं, ते आजीच्या टाचांना लावायला. त्या दिवसांत आजीची बोटं जांभळी असतात आणि अंगणात पाय ठेवायला जागा नसते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आजीने मला इथे मेलबर्नला फोन करून ती बातमी वाचून दाखवली होती.

आता चवीचं बघ. चिंचेचा कोळ आमटीत विरघळतो, तिला दाटपणा आणि गडद रंग देतो. लसूण आणि लाल तिखट घातलेल्या रेवदंड्याच्या कालवणाला तो दाटपणा हवाच असतो. आमसूल विरघळत नाही, आंबटपणा देतं आणि बाजूला राहतं. म्हणून ओल्या खोबऱ्याच्या वाटपाचा रंग आणि गोडवा तसाच टिकतो. फार उकळलं तर मात्र तुरट होतं, म्हणून आजी ते शेवटी घालते. चिंच घालून मालवणी वाटप केलं तर ते काळवंडतं आणि खोबरं मागे पडतं. "चिंच घातली काय माशाची चव मरता" असं आजी म्हणते, ते तिच्या वाटपापुरतं अगदी खरं आहे. आणि रेवदंड्याच्या आजीच्या झणझणीत कालवणात आमसूल टाकलं तर ते पातळ आणि पोरकं लागतं, हेही खरं. मी दोन्ही करून पाहिलंय. दोघी आपापल्या पातेल्याबद्दल बोलतात, आणि त्या पातेल्यापुरत्या दोघी बरोबर आहेत.

पण "खरी कोकणी" हा शब्द मला पटत नाही, कोणाच्याही तोंडी. दोघींच्या मसाल्यातली मिरची मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज 1498 मध्ये आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर ती इकडे आली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. ज्या काजूची उसळ तू काल दोनदा वाढून घेतलीस, तो काजूही ब्राझीलहून त्यांनीच आणलेला. चिंच फार फार जुन्या काळी आफ्रिकेतून आलेली आहे. कोकम मात्र इथल्याच सह्याद्रीतलं, हे आजीला सांग, तिला आनंद होईल. पण तिची मिरची सातासमुद्रापलीकडची, हेही सांग.

आता तिरफळ. जीभ बधिर झाली म्हणून घाबरू नकोस, तो त्याचा गुणच आहे. मेलबर्नला आपण त्या चिनी खानावळीत जातो ना, तिथल्या सिचुआन मिरीच्या कुळातलंच हे झाड. त्या मिरीवर लंडनच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये एक प्रयोग केला. ती ओठांना लावली की ज्या मुंग्या येतात त्या सेकंदाला साधारण 50 वेळा थरथरल्यासारख्या जाणवतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे ती चव कमी आणि स्पर्श जास्त. तुझ्या जिभेला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं.

आणि आवडनिवड सगळी आपल्या हातात नसते. तुझी ती वर्गमैत्रीण कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणते, आठवतंय? तू तिला "नाटक करतेस" म्हणालीस. ती नाटक करत नव्हती. काही माणसांच्या वास ओळखणाऱ्या एका जनुकात थोडा फरक असतो, आणि त्यांना कोथिंबिरीतली साबणासारखी द्रव्यं जास्त जाणवतात, असं 2012 च्या एका अभ्यासात दिसलं. अर्थात जनुकांचा वाटा थोडाच, बाकी सवयीचा. सवय तर जन्माच्याही आधी लागते. फिलाडेल्फियात 2001 मध्ये असं पाहिलं होतं की ज्या आया गरोदरपणात गाजराचा रस प्यायल्या, त्यांच्या बाळांना पुढे गाजराची चव जास्त रुचली. तू पोटात असताना मी इथे होते. तिरफळ माझ्याकडे नव्हतं, पण आजीने पाठवलेलं आगळ होतं, आणि मी रोज संध्याकाळी कढी करून प्यायचे. तुला सोलकढी इतकी आवडते त्याचं दुसरं कारण मला सापडत नाही.

तिरफळाची माझी स्वतःची गोष्ट आहे, ती तुला कधी सांगितली नाही. आमचं लग्न 2010 च्या मे महिन्यातलं. जून-जुलै मासेमारी बंद, मग श्रावण, मग गणपती. गणपती गेल्यावर रापणीचे ताजे बांगडे घरात आले. मी पहिल्यांदाच ती आमटी खात होते. पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "ई, याला हा वास कसला येतोय?" पंगतीत कोणी काही बोललं नाही. तुझी आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या ताटाशी वाकल्या आणि त्यांनी बोटांनी एकेक तिरफळ उचलून आपल्या ताटात घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळ्या वाटीत बिनतिरफळाची आमटी होती. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदारपणा. त्यांना काय लागलं असेल ते मनातही आलं नाही.

दोन वर्षांनी आम्ही शहरात भाड्याने राहत होतो. माझ्या आईने रेवदंड्याहून सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, पाठवले होते. त्या दिवशी मी सोडे घालून वांगं-बटाटा केला. संध्याकाळी घरमालकीणबाई दारात आल्या, पदराने नाक धरून म्हणाल्या, "तुमच्या घरातून कसला वास येतो हा?" आणि महिनाअखेर घर सोडायला सांगितलं. मी दार लावून स्वयंपाकघरात बसले. सोड्यांच्या डब्याला नाक लावलं, तर मला फक्त माझ्या आईच्या फडताळाचा वास आला. आणि मग ते दुसरं जेवण आठवलं. घरमालकीणबाईंनी जो शब्द मला वापरला, तोच मी तुझ्या आजीला वापरला होता.

पुढच्या खेपेला मालवणला गेल्यावर मी स्वतःहून तिरफळं ठेचायला मागितली. आईंनी बरणी काढून दिली. सुकलेलं तिरफळ तोंड उघडून बसलेलं असतं, आत काळं चकचकीत बी. ते बी काढून टाकायचं, ते दाताखाली वाळूसारखं कचकचतं. नुसती टरफलं घ्यायची, थोड्या पाण्यात भिजवून हलकेच ठेचायची, पीठ करायचं नाही. आमटीला शेवटची उकळी आली की पाण्यासकट आत, आणि लगेच झाकण. तेव्हा जो वास येतो तो लिंबाच्या सालीच्या जवळचा आहे, पण त्यात आणखी काहीतरी रानटी आहे, मला अजून त्याला शब्द मिळालेला नाही. ते झाड तू पाहिलं असशील, पाणंदीच्या कडेला, खोडभर काटे असलेलं. पावसाळ्याच्या अखेरीला आजी त्याचे घोस काढते आणि हातभर ओरखडे घेऊन येते. मी त्या दिवशी विचारलं, "आई, हे सगळ्या माशांत घालता का?" तर म्हणाल्या, "नाय गो, बांगडो, तारली, पेडवे, हेंकाच. सुंगटांत कशाक?" तेलकट, उग्र वासाच्या माशाला तिरफळ, कोळंबीला नाही. इतका विचार त्यात होता, आणि मी एका शब्दात सगळ्यावर पाणी ओतलं होतं.

आज मला बांगड्यात तिरफळ लागतंच. मुळ्याच्या आमटीत मात्र अजून आवडत नाही, आणि ते आईंना माहीत आहे.

तू रेवदंड्याला पोपटी खाल्लीस ना? मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, आणि वर-खाली भांबुर्ड्याचा पाला. मामाने पाठवलेल्या फोटोत तू मडक्यात हात घालून बसलेली आहेस. त्या पाल्याचा वास तुला गोड लागला. तो पाला मालवणच्या आजीला दाखवलास तर ती म्हणेल हे तण आहे, उपटून टाक. बोंबलाचंही तसंच. बोंबील मुख्यतः गुजरात आणि मुंबईच्या बाजूच्या समुद्रात मिळतो, मालवणच्या जाळ्यात तो नसल्यासारखाच. म्हणून माझ्या माहेरी सुक्या बोंबलाच्या चटणीशिवाय पावसाळा सरत नाही, आणि तुझ्या बाबांना अजूनही तो मासा वाटत नाही. बाबांशी यावरून वाद घालू नकोस, मी घालून झालंय.

आता आजीला काय सांगायचं ते. जेवण वाढून झाल्यावर सांगू नकोस, आधी सांग. ती चुलीपाशी वाटप घेऊन बसली की जवळ बस आणि तिच्या बोलीत म्हण, "आजी, माका तिरफळ नको गो, माझी जीभ बधिर होता." 'आवडत नाही' म्हटलंस तरी चालेल, खोटं बोलायची गरज नाही. फक्त 'वास येतो' म्हणू नकोस, आणि नाक मुरडू नकोस. ती तुझ्यापुरती आमटी आधी काढून ठेवेल आणि मग पातेल्यात तिरफळं घालेल. मग तिला म्हण, ठेचायला मला दे. खायचं नसलं तरी ठेचता येतं.

ती नक्की विचारेल, "मगे तुका काय करू?" तर फुटी कढी माग, नारळाच्या दुधाशिवायची, नुसत्या आगळाची, वर लसणाची फोडणी. त्यासाठी तिला माळ्यावरची मोठी बरणी खाली घ्यावी लागेल. झाकण काढलं की पहिला वास तू घे, आणि रात्री मला फोनवर सांग कसा होता. इथल्या माझ्या बाटलीत तळाला दोनच चमचे उरलंय.

तुझी,
आई