हरीण शेतात आले म्हणून शेत सरकारचे होत नाही

प्रश्न : सोयाबीन दोन पानांवर आले की हरणांचा कळप रातोरात शेंडे खुडतो. गेल्या पावसाळ्यात एक हरीण आमच्या कठडा नसलेल्या विहिरीत पडले, तेव्हा ‘वनखात्याला कळवू नका, सातबाऱ्यावर नोंद चढेल’ असे शेजारी म्हणाले. हे खरे आहे का? कुंपणात करंट सोडला तर चालेल का?
— एक शेतकरी, ता. केज, जि. बीड

उत्तर : सातबाऱ्याची भीती निराधार आहे. आपण ज्याला हरीण म्हणता ते बहुधा काळवीट असावे आणि ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, येते. परंतु हा कायदा आपण प्राण्याशी कसे वागता याला बंधन घालतो, जमिनीच्या मालकीला नव्हे. अभयारण्य करायचे झाले तरी शासनाला अधिसूचना काढावी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांना लोकांच्या हक्कांची चौकशी करावी लागते. ही अफवा मात्र हवेतून आलेली नाही : शेजारच्या सोलापूर-नगर भागात १९७९ साली माळढोक अभयारण्य तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरवर घोषित झाले, त्यात असंख्य खासगी शेते आली आणि ते क्षेत्र कमी होईपर्यंत कित्येक वर्षे गेली.

वीजवाहिनीवरून थेट करंट सोडणे सर्वस्वी चुकीचे आहे. त्यात काळवीट मेले तर ती शिकार ठरते व त्यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. शिवाय पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच माणूस त्या तारेला चिकटू शकतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, तो प्राण्याला हुसकावतो, मारत नाही.

हरीण विहिरीत पडल्यास १९२६ या क्रमांकावर किंवा वनरक्षकाला कळवावे आणि बघ्यांना दूर ठेवावे, कारण पाय बांधून ओढून काढलेले हरीण पुष्कळदा बाहेर आल्यावर धसक्यानेच दगावते.

पिकाच्या नुकसानीसाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा. पंचनामा होईपर्यंत दुबार पेरणीची घाई करू नये, कारण खुरांचे ठसे आणि कुरतडलेले शेंडे हाच आपला पुरावा असतो. मिळणारी रक्कम बियाणे-खतालाही पुरत नाही, ही तक्रार रास्त आहे. तरीही अर्जच न देणे हे अधिक तोट्याचे.

प्रश्न : रानडुकरालाही हेच नियम लागू आहेत का?
— एक वाचक, जि. लातूर

उत्तर : रानडुक्कर त्याच अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास प्राधिकृत वनाधिकारी कारणे नमूद करून त्याच्या शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतात. तोंडी होकारावर विसंबून राहू नये.